बैठे काम आणि वजन उतरवण्याची भाषा

मराठीत ‘बसून खाणे’ हा वाक्प्रचार दोन परस्परविरुद्ध भावांनी योजला जातो. सात पिढ्या बसून खातील एवढी मिळकत, असे म्हटले म्हणजे त्यात वैभवाचा गौरव असतो. अमका नुसता बसून खातो, असे म्हटले म्हणजे त्यात आळसाची निंदा असते. दोन्ही ठिकाणी बसणे म्हणजे काम न करणे, हे मात्र गृहीत धरलेले आहे. बसणे हाच ज्याच्या कामाचा प्रकार आहे, दिवसाचे आठ-आठ तास खुर्चीत राहून जो खऱ्या अर्थाने राबतो आणि संध्याकाळी खऱ्या अर्थाने थकतो, असा मनुष्य हा वाक्प्रचार घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता. अशा मनुष्याचे वजन का वाढते व ते कसे उतरते, हा प्रश्न प्रथमदर्शनी वैद्यकाचा खरा. तथापि त्याचा मोठा भाग भाषेचाही आहे. वैद्याचा सल्ला दवाखान्यात दिला जातो, पण तो पाळला जातो घरात. आणि घरात तो पोचतो तो घराच्या शब्दांतून.

‘बसणे’ हे क्रियापद संस्कृत ‘उपविश्’पासून प्राकृतातून ‘बैसणे’ या जुन्या रूपाने मराठीत आले. ‘बैठा’ हे त्याच धातूच्या ‘उपविष्ट’ या भूतकालवाचक धातुसाधिताचे वंशज होय. या एका ‘बैठ्या’पासून मराठीत निघालेली संतती पाहण्यासारखी आहे. बैठे काम, बैठे घर, गाण्याची बैठक, पुढाऱ्यांची बैठक ही सर्व स्थैर्याची उदाहरणे. परंतु तालमीत जोर-बैठका काढणाऱ्या पहिलवानाच्या तोंडी तोच शब्द कठोर व्यायामाचा वाचक होतो. भेद कोठे आहे? कचेरीतला मनुष्य एकदा बसतो. तालमीतला शंभर वेळा बसतो, म्हणजेच शंभर वेळा उठतो. शरीराला हानी होते ती बसण्याच्या क्रियेने नव्हे, न उठण्याने, हा आजच्या शरीरशास्त्राचा निष्कर्ष या अनेकवचनात आयताच सापडतो. जुन्या पेढीवर किंवा फडावर गादीवर मांडी घालून लिहिणारा कारकूनही बैठाच होता. पण प्रत्येक दप्तरासाठी त्याला जमिनीवरून उठावे लागे. खुर्चीने ती बैठकही वाचवली.

संस्कृत वैद्यकाला हा विषय अपरिचित नव्हता. चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना ‘आस्यासुख’ असा एक शब्द आला आहे. ‘आस्’ म्हणजे बसणे. आस्या म्हणजे बैठक. आस्यासुख म्हणजे बसून राहण्याचे सुख. रोगाच्या कारणांत सुखाची गणना करणारा हा शब्द मोठा मार्मिक आहे. त्याच संहितेच्या सूत्रस्थानात आठ निंदित पुरुषांचे प्रकरण आहे. तेथे अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाही निंदित ठरवले असून त्या दोघांत कृश बरा, असा स्पष्ट निर्णय दिला आहे. स्थूलतेच्या कारणांत अतिभोजन, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप यांबरोबर ‘बीजस्वभाव’ म्हणजे आनुवंशिकताही सांगितली आहे. ‘आस्यासुख’ हा शब्द मात्र मराठीत उतरला नाही, आणि कृश बरा हा निर्णय तर मराठी घराने मुळीच स्वीकारला नाही. त्याचे कारण ग्रंथांत नव्हे, शेतात शोधले पाहिजे.

त्यासाठी रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील पोशीरसारखे गाव डोळ्यांपुढे आणावे. कर्जत तालुक्यात नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. त्याच्याच नावाची नदी पुढे उल्हास नदीला मिळते. हा सारा मुलूख भाताचा. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेले ‘कर्जत-१८४’, ‘कर्जत-३’ हे भाताचे वाण महाराष्ट्रभर ठाऊक आहेत. राब भाजणे, चिखलणी, आवणी, कापणी, झोडणी या क्रमाने चालणारे खाचरातले काम पाठीचा कणा वाकवणारे आहे. दुसऱ्या बाजूला लोहमार्ग आहे. कल्याणहून खोपोलीपर्यंतचा फाटा १८५६ मध्ये सुरू झाला, आणि आज नेरळ, भिवपुरी, कर्जत या स्थानकांवरून पहाटेच्या लोकलने चाकरमानी मुंबईकडे जातात. कर्जत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर शंभर किलोमीटरांच्या आसपास आहे. जाण्याचे दोन तास, येण्याचे दोन तास आणि मधले कचेरीचे आठ तास असा हिशेब धरला, तर बारा तास होतात. गाडीत जागा न मिळालेला मनुष्य उभा राहतो, एवढाच काय तो त्यातला व्यायाम. आणि तोही त्याला नको असतो.

आता या दोन जीवनक्रमांना लागणाऱ्या अन्नाची तुलना करता येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत ६५ किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी दिवसाला २११० किलोकॅलरी आणि जड कष्टाच्या कामासाठी ३४७० किलोकॅलरी ऊर्जा लागते, असे मान धरले आहे. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे १६६० आणि २७२० आहेत. पुरुषाच्या बाबतीत फरक १३६० किलोकॅलरींचा. शंभर ग्रॅम तांदळातून साडेतीनशेच्या आसपास किलोकॅलरी मिळतात. म्हणजे खाचरातून उठून खुर्चीत बसलेल्या पुरुषाच्या ताटातून दिवसाला पावणेचारशे ते चारशे ग्रॅम तांदूळ उणा व्हायला हवा. तसा तो एका पिढीत होत नाही. ताटाचे माप ठरवते ती भूक नव्हे, रीत. बापाच्या न्याहारीची तांदळाची भाकरी मुलाच्या डब्यात तितक्याच संख्येने जाते, कारण ती थापणाऱ्या हाताला तेवढीच संख्या ठाऊक असते.

स्वाभाविक भूक आपोआप कमी होईल, अशी कोणाची समजूत असल्यास तिला १९५६ मध्येच धक्का बसलेला आहे. ज्याँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतल्या २१३ पुरुषांचा आहार, वजन व कामाचे स्वरूप यांचा अभ्यास केला. गिरणीत ओझी वाहणारे होते, तसेच कारकून, मुकादम आणि दुकानाच्या गादीवर बसणारेही होते. मध्यम कष्टापासून जड कष्टापर्यंत काम वाढत गेले तसा आहारही वाढत गेला, आणि वजन जवळजवळ समान राहिले. परंतु अगदी बैठ्या लोकांत हा नियम मोडला. त्यांचा आहार हलके काम करणाऱ्यांपेक्षा कमी नव्हता, उलट अधिक होता. आणि वजनही अधिक होते. हालचाल एका मर्यादेखाली गेली की भुकेचा काटा बरोबर माप दाखवीत नाही, असा याचा अर्थ. प्रयोगशाळेतले प्रयोग सोडून गिरणीतल्या माणसांचे वजन करणारा हा अभ्यास आजही वाचनीय आहे.

अशा स्थितीत वजन उतरवू पाहणाऱ्याला पहिली अडचण येते ती शब्दांची. शरीराविषयीची मराठी क्रियापदे बहुतांशी पिकावरून आलेली आहेत. दाणा भरतो तसे अंग भरते. रोप फोफावते तसे पोर फोफावते. आणि पाणी तुटले की पीक जसे सुकते, वाळते, तसा मनुष्यही सुकतो, वाळतो. भाताच्या लोंबीत दाणा न भरला तर ती पोचट. तसाच दुबळा मनुष्य, किंबहुना दुबळा युक्तिवादही, पोचट. मूल गुटगुटीत असावे, बाळसे धरलेले असावे. मोठ्या माणसाची ‘तब्येत सुधारली’ म्हणजे तो जाड झाला, आणि ‘तब्येत उतरली’ म्हणजे बारीक झाला. मूळ अरबी ‘तबीअत’ म्हणजे प्रकृती, स्वभाव. मराठीने त्याला आरोग्याचा अर्थ दिला व त्याच दमात देहाच्या आकाराचाही. पगारसुद्धा चांगला असेल तर तो लठ्ठ असतो. उलट बाजूला रोडावणे, हडकणे, खंगणे, झडणे ही सर्व रोगाची किंवा दुःखाची क्रियापदे. ज्या मुलुखात पावसाळ्याच्या तोंडावर कणग्या रिकाम्या होत असत, तेथे अंगावर मांस असणे हीच वर्षभराची शिल्लक होती. भाषेने तिची बाजू घेतली यात नवल नाही.

लठ्ठपणाची निंदा मराठीत नाही असे नव्हे. पण ती नैतिक आहे. चरबी चढते ती उद्धटाला; माजतो तो उन्मत्त. चार वर्षांत दहा किलोंनी वाढलेल्या एखाद्या निरुपद्रवी लेखनिकाला यांपैकी कोणताही शब्द लागू पडत नाही. तो ना सुधारलेला, ना माजलेला. खुर्चीचा परिणाम म्हणून आलेल्या स्थूलतेला लोकभाषेने वेगळे नाव दिलेले नाही.

‘वजन’ या शब्दाची तऱ्हा आणखी निराळी. हाही अरबीतून फारसीमार्गे आलेला. बाजारात तो तराजूचा, समाजात प्रतिष्ठेचा. गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे, तो वजनदार मनुष्य. कचेरीत तर कागदावर ठेवण्याचेही एक वजन असते, आणि ते पितळेचे नसते, हे सर्वश्रुत आहे. ‘त्यांचे वजन अलीकडे कमी झाले’ हे वाक्य संदर्भाविना ऐकले, तर ते वैद्यकीय यश सांगते की राजकीय पतन, हे कळण्यास मार्ग नाही.

याचा प्रत्यक्ष परिणाम असा होतो. तीन महिने पथ्य सांभाळून कोणी पाच किलो वजन उतरवतो, आणि सणाला गावी येतो. दारातच काकी म्हणते, “अरे, पार वाळलास की! बरे नाही का? डबा तरी नेतोस ना रोज?” ताटात एक भाकरी अधिक पडते, भातावर आणखी एक वाढ होते, आणि नको म्हणणे हा वाढणाऱ्या हाताचा अपमान ठरतो. काकीच्या बोलण्यात वात्सल्याशिवाय काही नाही. परंतु तिच्याजवळ असलेल्या सर्व क्रियापदांनी तिला सांगितलेले असते की हा मुलगा आजारी आहे. कचेरीतले सोबतीही निराळे बोलत नाहीत. ते फक्त ‘साखर निघाली का?’ असे विचारतात. वजन उतरवण्याचे प्रयत्न पुष्कळदा या प्रश्नांपाशी संपतात.

व्याकरणाच्या दृष्टीनेही येथे एक लक्षणीय गोष्ट आहे. वाळणे, सुकणे, खंगणे, रोडावणे ही सर्व क्रियापदे अकर्मक आहेत. माणसावर ते ओढवते. तो ते करीत नाही. ‘वाळवणे’, ‘सुकवणे’ ही प्रयोजक रूपे आहेत खरी, पण ती पापडांची, मिरच्यांची, मासळीची. स्वतःचा देह स्वतः कमी करणे यासाठी परंपरेत एकच प्रयोजक रूप रूढ होते, ते म्हणजे ‘देह झिजवणे’. आणि त्याचे प्रयोजन सेवा किंवा भक्ती, आरोग्य नव्हे. ‘वजन उतरवणे’, ‘वजन घटवणे’, ‘वजन आटोक्यात ठेवणे’ ही सकर्मक रचना त्यामानाने नवी आहे. तिच्यात कर्ता आला, प्रयत्न आला, आणि मुख्य म्हणजे कर्म बदलले. येथे कमी करायचे ते अंग नव्हे, मोजता येणारी एक राशी. अशी रचना तराजूवाचून संभवत नाही. घरोघर वजनकाटे येण्यापूर्वी रेल्वे स्थानकांवरील यंत्रात नाणे टाकले म्हणजे जाड कागदाचे तिकीट पडे. त्याच्या एका बाजूस वजन व दुसऱ्या बाजूस भविष्य छापलेले असे. त्या काळच्या प्रवाशाला वजनापेक्षा भविष्याचे कौतुक अधिक वाटे. आज वैद्य त्या दोहोंचा संबंध जोडून दाखवतात.

संस्कृतात मात्र कर्त्याला वाव देणारा शब्द होता, तो ‘लंघन’. शरीरात लाघव आणते ते लंघन, अशी चरकाची भूमिका असून त्याने लंघनाचे दहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत उपवास आहे तसा व्यायामही आहे. मराठीत येताना या शब्दाचा अर्थसंकोच झाला. लंघन म्हणजे तापकऱ्याचा उपवास एवढेच उरले. व्यायाम त्यातून गळाला. ‘उपास’ या शब्दाची गत याहून विचित्र. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि तूप यांनी भरलेले उपासाचे ताट नेहमीच्या जेवणाहून हलके क्वचितच असते, आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण घडवणाऱ्याने ते केव्हाच ओळखले होते. ‘पथ्य’ हा शब्द सर्वांत योग्य. पथाला, म्हणजे मार्गाला, अनुकूल ते पथ्य. त्यात तात्पुरतेपणा नाही. परंतु तोही रोग्याला चिकटला असल्यामुळे धडधाकट मनुष्य ‘पथ्य’ म्हणत नाही, ‘डाएट’ म्हणतो. परका शब्द पत्करला म्हणजे आजाराचा संशय टळतो, हे त्या उसनवारीचे एक कारण दिसते.

डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या आहारपद्धतीला २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात जी विलक्षण लोकप्रियता लाभली, तिच्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतली. कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे. मध्ये पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा यांव्यतिरिक्त काही घेऊ नये. आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, असा तिचा सारांश. तिच्या शास्त्रीय बाजूविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि साखर उतरवणारी औषधे घेणाऱ्या मधुमेह्याने वैद्याला विचारल्याखेरीज जेवणाच्या वेळा बदलणे धोक्याचे आहे. पण भाषेच्या अंगाने तिचे यश समजण्यासारखे आहे. तिने किलोकॅलरी, प्रथिने, ग्रॅम यांपैकी काहीच मागितले नाही. ‘जेवण’ आणि ‘दोन वेळ’ हे घरातलेच शब्द घेतले. दोन वेळचे जेवण हे तर मराठी संसाराचे जुने ध्येय होते. त्याला मर्यादा म्हणून उभे करणे ही मोठी कल्पकता होय.

शरीरशास्त्र जे सांगते ते थोडक्यात असे. कमी केलेल्या अन्नाइतके वजन हिशेबाने उतरतच राहते, हे खरे नाही. देह हलका होतो तसा त्याचा खर्चही घटतो. केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या अनुमानानुसार, स्थूल प्रौढाने रोजच्या आहारात २४ किलोकॅलरींची कायमची कपात केली, तर अखेरीस सुमारे एक किलो वजन उतरते. त्यातले निम्मे वर्षभरात व बाकीचे बहुतेक तीन वर्षांत. कचेरीत चार कप चहा पिणाऱ्याने प्रत्येकी दोन लहान चमचे साखर सोडली, तर साधारण १६० किलोकॅलरी वाचतात. ती भूक दुसरीकडून भरून काढली नाही, तर एवढ्याने कालांतराने सहा-सात किलो उतरावे. हे तीन महिन्यांत होत नाही म्हणून पुष्कळजण सोडून देतात. तासभर बेताच्या वेगाने चालण्यात दोनशेच्या आसपास किलोकॅलरी अधिक खर्च होतात, आणि स्थानकाबाहेरचा एक वडापाव त्या सहज परत करतो. म्हणून वजन उतरते ते मुख्यतः ताटात. उतरलेले वजन टिकते ते पायांवर. ज्यांना व्यायामाला वेळ नाही, त्यांच्यासाठी जेम्स लेव्हिन यांचा २००५ चा अभ्यास उपयुक्त आहे. त्यात स्थूल मंडळी कृश मंडळींपेक्षा दिवसाला सुमारे दोन तास अधिक बसलेली आढळली, आणि त्या दोन तासांच्या उठण्या-फिरण्याची किंमत रोज ३५० किलोकॅलरींपर्यंत भरेल असा अंदाज निघाला. त्यात धावणे नाही, तालीम नाही. दूरध्वनीवर उभे राहून बोलणे, कागद स्वतः नेऊन देणे, गाडीत एखादे स्थानक आधीच उठून उभे राहणे, एवढेच.

वजनकाटा सर्व काही सांगत नाही, हे भारतीयांच्या बाबतीत विशेष खरे आहे, आणि त्याचा शोध पुण्यात लागला. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांहून पुष्कळ हलकी, सरासरी २.७ किलोंच्या आसपास. पण त्यांच्यात उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची, चरबी तुलनेने टिकून होती. २००४ मध्ये याज्ञिकांनी आपले इंग्लंडमधील सहकारी युडकिन यांच्यासह स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचाही उंची व वजन यांवरून काढलेला देहभारांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडसडीत, आतून स्थूल, अशा या प्रकृतीमुळे भारतीयांसाठी देहभारांकाची मर्यादा पंचविसाऐवजी तेविसावर आणली गेली. काकीला वाळलेला वाटणारा पुतण्या अद्यापही स्थूल असू शकतो, हे विधान जुन्या शब्दांत मांडताच येत नाही.

एक जुना वाक्प्रचार मात्र येथे अचूक ठरतो. ‘पोट सुटणे’. त्यात सर्वांगाची गोष्ट नाही. हातपाय काटकुळे असूनही पोट सुटलेला मनुष्य मराठीने पाहिलेला आहे, आणि मधुमेहाचा व हृदयविकाराचा धोका सांगते ती पोटातलीच चरबी. लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील सेवकांवर जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये जो लेख लिहिला, त्यात दिवसभर बसणाऱ्या चालकांना जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा हृदयविकार अधिक होतो असे दाखवले होते. पुढे १९५६ मध्ये त्यांनी कंपनीने शिवलेल्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारींची कंबर वाहकांपेक्षा मोठी निघाली, आणि नोकरीला लागतानाही ती मोठीच होती. म्हणजे खुर्ची माणसाला जाड करते, तशी जाड माणसाला निवडतेही.

भारतीय पुरुषासाठी कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर व स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर मानली जाते. खेड्यात या मोजणीचे साधन पूर्वापार अंगावरच असे. कडदोरा, म्हणजे कटीचा दोरा. कोठे त्याला करदोडा किंवा करगोटा म्हणतात. तो काचू लागला की सैल करून बांधावा, एवढाच त्याचा अर्थ लावला जाई. आजचे तज्ज्ञ असाच एक दोरा सुचवतात. आपल्या उंचीइतका दोरा घ्यावा, तो मधोमध दुमडावा, आणि श्वास सहज सोडून पोटाभोवती गुंडाळून पाहावा. दोन्ही टोके मिळाली तर ठीक. मध्ये फट राहिली तर ती फट किती बोटांची आहे ते मोजून ठेवावे, आणि दर महिन्याला त्याच दोऱ्याने पुन्हा पाहावे.